आत्मसंरक्षणासाठी युद्धकला कशी निवडावी

आत्मसंरक्षणासाठी काही शिकावे असे मनात आले की ‘सर्वांत प्रभावी युद्धकला कोणती?’ हाच प्रश्न बहुतेकांना आधी पडतो, आणि प्रत्येक कलेचे अभिमानी आपलीच बाजू हिरिरीने मांडत असल्याने त्याचे उत्तर शोधण्यातच कित्येकांचे महिने निघून जातात. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या यूएफसी या मिश्र युद्धकलांच्या स्पर्धेने हा वाद कायमचा मिटवला, असे मानणारेही पुष्कळ आहेत. निरनिराळ्या शैलींचे आठ लढवय्ये त्या दिवशी एकमेकांविरुद्ध उतरले आणि त्यांच्यात अंगाने सडपातळ असलेल्या रॉयस ग्रेसीने ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरच्या पकडींच्या कलेच्या बळावर एकाच रात्री तीन लढती जिंकल्या. ज्याला खाली पडल्यावर लढता येत नाही तो जमिनीवर किती असहाय होतो, हे त्या रात्री सगळ्यांनी पाहिले. मात्र तिथे समोर एकच माणूस होता, तो निःशस्त्र होता, लढत केव्हा सुरू होणार हे दोघांनाही ठाऊक होते, खाली गादी होती आणि एकाने हार मानताच पंच मध्ये पडत होता. जिन्यात, वाहनतळावर किंवा स्वतःच्याच घरात होणाऱ्या हल्ल्यात यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. म्हणून कलेच्या नावाचा विचार थोडा पुढे ढकलून निवडीची सुरुवात स्वतःच्या परिस्थितीपासून करावी.

धोका कोणता, ते आधी लिहून काढा

आपल्यावर कोणी हात टाकण्याची शक्यता कुठे, कोणत्या वेळी आणि कोणाकडून आहे, हे कागदावर उतरवणे ही पहिली पायरी. हे काम अर्ध्या तासाचे आहे, पण जवळजवळ कोणीच ते करत नाही. तरुण पुरुषांच्या बाबतीत बहुतेक वेळा शब्दाने शब्द वाढत जातो, मग ढकलाढकली होते आणि शेवटी एखादा बेभान ठोसा बसतो. अशा प्रसंगातून मानापमान गिळून निघून जाणे हा उत्तम बचाव असतो, आणि ते जमले नाही तर पहिला ठोसा चुकवून पायांवर उभे राहणे महत्त्वाचे ठरते. लुबाडणाऱ्याला वस्तू हवी असते, माणूस नव्हे. तिथे फोन किंवा पाकीट देऊन टाकणे हेच शहाणपण. रुग्णालयात, सुरक्षा सेवेत किंवा मनोरुग्णांच्या देखभालीत काम करणाऱ्यांची गरज अगदीच वेगळी असते, कारण त्यांना समोरच्याला इजा न करता धरून ठेवावे लागते. त्यांच्या हाती उत्तम मुष्टियुद्ध देऊन काहीही उपयोग नाही.

स्त्रियांवरील हल्ल्यांत हल्लेखोर पुष्कळदा ओळखीचा असतो. असा हल्ला पवित्रा घेऊन समोरून येत नाही. तो बंद दाराआड, जवळिकीच्या बहाण्याने, अंगावर भार टाकून सुरू होतो. या संदर्भात 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला कॅनडातील एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. तीन विद्यापीठांतील 893 विद्यार्थिनींपैकी एका गटाला 12 तासांचे प्रशिक्षण देण्यात आले. परिचितांच्या वागण्यातील धोक्याच्या खुणा ओळखणे, ओळखीच्या माणसाला ठामपणे अडवताना होणारा संकोच मोडणे आणि मग शारीरिक प्रतिकार करणे, असे त्याचे स्वरूप होते. वर्षभरानंतर या गटात बलात्काराचे प्रमाण 5.2 टक्के आढळले, तर फक्त माहितीपत्रकांवर ज्यांची बोळवण झाली त्या गटात ते 9.8 टक्के होते. 12 तासांत कोणतीही युद्धकला अंगी बाणत नाही, हे उघड आहे. याचा अर्थ, धोका लवकर ओळखणे आणि ‘नाही’ मोठ्या आवाजात म्हणणे यांनीच संरक्षणाचा मोठा वाटा उचलला असावा. ज्या वर्गात या गोष्टींचा उच्चारही होत नाही, तिथे आत्मसंरक्षणाचा निम्मा अभ्यासक्रमच गाळलेला आहे असे समजावे.

घाबरलेल्या शरीराला काय जमते

हल्ला होताना अ‍ॅड्रेनलिनमुळे छाती धडधडते, हातापायांतील मोठ्या स्नायूंना बळ येते, पण बोटांचे नाजूक काम बिघडते. नजर समोरच्या एकाच बिंदूवर खिळते, आवाज ऐकू येईनासे होतात, काहींचे तर पाय जागीच थिजतात. वर्गात आरशासमोर सफाईने जमलेली मनगटाची नाजूक पकड अशा वेळी हाती लागत नाही. ढकलणे, धरणे, खेचणे आणि मारणे एवढेच उरते. त्यात भर म्हणजे पर्यायांची गर्दी. डब्ल्यू. ई. हिक या मानसशास्त्रज्ञाने 1952 मध्ये दाखवून दिले की, ज्यांतून निवड करायची ते पर्याय वाढले की प्रतिसादाला लागणारा वेळही वाढतो. एकाच हल्ल्यावर पंधरा तोडगे शिकवणारा अभ्यासक्रम वहीत भरगच्च दिसतो, पण प्रसंगी तो माणसाला गोंधळात टाकतो.

आणखी एक साधे गणित आहे. डोळ्यांना काही दिसल्यापासून शरीर हलेपर्यंत जवळपास सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, आणि हाताच्या अंतरावरून निघालेला ठोसा बहुधा त्याच्या आतच पोहोचतो. म्हणजे ठोसा पाहून मग अडवू, ही कल्पना त्या अंतरावर फोल आहे. बचाव ठोशाच्या आधी सुरू व्हायला हवा: दोन पावलांचे अंतर राखणे, तळवे समोर करून ‘शांत व्हा, मला भांडायचे नाही’ असे म्हणत हात छातीपुढे आणणे, आणि पाठीमागे वाट मोकळी आहे ना हे पाहणे. तळव्यांची ही ठेवण बघणाऱ्यांना विनवणीसारखी दिसते; प्रत्यक्षात तोच पवित्रा असतो.

सगळ्यात मोठी कसोटी: जोडीदार विरोध करतो का?

1882 मध्ये टोकियोत जिगोरो कानो यांनी कोदोकान ही जुदोची संस्था स्थापन केली. त्यांनी जुजुत्सूच्या जुन्या परंपरा शिकून घेतल्या होत्या, आणि त्यांत हाडे मोडणारे, मर्मस्थानी घाव घालणारे अनेक डाव होते. कानोंनी असे डाव ठरीव क्रमाने करायच्या काता नावाच्या प्रकारात ठेवले आणि जे डाव जोडीदाराला जायबंदी न करता पूर्ण ताकदीने करता येतील, त्यांचा मुक्त सराव सुरू केला. त्यालाच रांदोरी म्हणतात. वरवर पाहता त्यांनी कला सौम्य केली. पण डोळ्यात बोट घालण्याचा डाव हजार वेळा हवेत करणाऱ्याला, समोरचा वाकतो कसा, निसटतो कसा, उलट जोर कसा लावतो, याचा अनुभव एकदाही मिळत नाही. पाडायला आलेल्या माणसाला हजार वेळा खरोखर विरोध केलेल्याला तो हजार वेळा मिळालेला असतो. कुस्तीच्या आखाड्यात वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. तिथे डाव तोंडी समजावून घेतला तरी तो आपला झाला की नाही, हे लढतीतच ठरते.

युद्धकला निवडताना मी याच एका निकषाला सर्वाधिक वजन देतो. ‘आमचे डाव इतके घातक आहेत की त्यांचा मुक्त सराव करताच येत नाही’ असे एखादे गुरुजी अभिमानाने सांगू लागले, की त्याचा सरळ अर्थ असा घ्यावा की ते डाव विरोध करणाऱ्या माणसावर चालतात की नाही, हे त्या वर्गात कोणालाच ठाऊक नाही. उलट, नियमांनी बांधलेला खेळ म्हणून ज्याची हेटाळणी होते, त्या मुष्टियुद्धात सहा महिने घाम गाळलेला मुलगा अंगावर येणाऱ्या ठोशासमोर डोळे मिटत नाही, आणि ही गोष्ट पुस्तकातून किंवा कवायतीतून येत नाही.

अर्थात विरोधाचा सराव म्हणजे रोज उठून एकमेकांना झोडपणे नव्हे. डोक्याला वारंवार बसणारे हादरे मेंदूला इजा करतात, आणि हेडगिअरने जखमा व खरचटणे टळले तरी मेंदूला बसणारा हादरा पुरता थांबत नाही. चांगल्या वर्गात स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, बहुतांशी हलक्या हाताने होते, जोर टप्प्याटप्प्याने वाढवला जातो आणि नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात रिंगमध्ये ढकलत नाहीत.

कोणती कला काय देते

मुष्टियुद्धात जॅब, क्रॉस, हुक आणि अपरकट असे मोजकेच ठोसे असतात, आणि ही मोजकी संख्याच त्याची ताकद आहे. पदलालित्य, अंतराची जाण आणि मार खाऊनही भान राखण्याची सवय त्यातून लवकर येते. मात्र 1867 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबरी नियमांपासून हा खेळ हातमोज्यांचा झाला आहे. उघड्या मुठीने कवटीवर ठोसा मारला तर करंगळीमागचे तळहाताचे हाड मोडू शकते, आणि ही दुखापत इतकी नेहमीची आहे की वैद्यकात तिला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ असेच म्हणतात. म्हणून मुष्टियुद्ध शिकणाऱ्याने चेहऱ्यावर तळव्याच्या टाचेने मारण्याचा सराव आपणहून जोडावा. थायलंडच्या मुआय थाईत ठोशांबरोबर कोपर, गुडघे आणि नडगीच्या लाथा येतात. त्याहून मोलाचे म्हणजे मान धरून जवळून लढण्याचा क्लिंच तिथे नीट शिकवतात, आणि प्रत्यक्ष हातघाई बहुधा त्याच अंतरावर येऊन ठेपते.

कुस्ती आणि जुदो यांना आत्मसंरक्षणाच्या चर्चेत मिळायला हवे तेवढे स्थान मिळत नाही, असे माझे मत आहे. लढत उभ्याने चालू ठेवायची की खाली न्यायची, हे ज्याला ठरवता येते त्याच्या हाती प्रसंगाची दोरी असते. आणि सोडवून पळायचे असेल तर आधी पकड तोडता आली पाहिजे, जे कुस्तीगीर रोज करतो. त्याची एक खोड मात्र घातक आहे: चीतपट होऊ नये म्हणून तो पालथा होतो आणि मान व पाठ हल्लेखोराच्या हवाली करतो. जुदोचा मोठा लाभ म्हणजे उकेमी, अर्थात पडण्याचे शास्त्र. एकाच ठोशाने माणूस दगावल्याच्या घटनांत पुष्कळदा ठोशापेक्षा डोके कठीण जमिनीवर आपटणे कारणीभूत असते. हनुवटी छातीशी घेऊन पडणे अंगवळणी पडलेल्याला याचा उपयोग घसरून पडतानाही होतो, आणि आयुष्यात हल्ल्यापेक्षा घसरण्याचेच प्रसंग अधिक. जुदोतील पकडी जाड पोशाखावर बेतलेल्या असतात, आणि 2010 पासून स्पर्धेच्या नियमांत पायांना हात घालून पाडण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आल्याने, पट काढायला येणाऱ्यापासूनचा बचाव अनेक वर्गांत मागे पडला आहे. एवढे लक्षात ठेवून शिकावे.

ब्राझिलियन जिउ-जित्सूचे मूळही जुदोतच आहे. कोदोकानचे मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि त्यांची विद्या ग्रेसी कुटुंबाने जमिनीवरच्या लढतीच्या अंगाने वाढवली. आपल्यापेक्षा वजनदार माणूस छातीवर बसला असताना खालून सुटणे इतक्या बारकाईने क्वचितच कुठे शिकवले जाते, आणि म्हणून लैंगिक हल्ल्याची भीती असणाऱ्यांनी तिचा विचार अवश्य करावा. पण अनेक वर्गांत सराव गुडघ्यांवर बसूनच सुरू होतो आणि स्पर्धेच्या हव्यासाने विद्यार्थी आपणहून पाठीवर पडू लागतात. रस्त्यावर समोरच्याचा एखादा साथीदार जवळ उभा असेल, तर हीच सवय डोक्यात लाथ खाण्याची सोय होते. सोव्हिएत रशियात घडलेल्या साम्बोच्या नावाचा अर्थच ‘शस्त्राविना आत्मसंरक्षण’ असा आहे. त्याचा लढाऊ प्रकार जवळपास कुठे शिकवत असतील तर ते भाग्य समजावे, कारण त्यात ठोसे आणि पाडापाडी एकत्र येतात.

कराटेबद्दल एकच एक मत देणे अन्यायाचे ठरेल. क्योकुशिन या कराटेच्या शैलीत पूर्ण ताकदीने लढत होते, तर काही वर्गांत वर्षानुवर्षे फक्त काता चालतात. क्योकुशिनच्या स्पर्धेतही हाताने चेहऱ्यावर मारण्यास मनाई आहे, आणि तायक्वांदोच्या ऑलिम्पिक प्रकारातही तोच नियम आहे. या सवयीमुळे हात खाली राहतात, त्यामुळे तिथे शिकणाऱ्याने चेहऱ्याच्या बचावाची उणीव अन्यत्र भरून काढावी. इमी लिख्टेनफेल्ड यांनी 1930च्या दशकात ब्रातिस्लाव्हातील रस्त्यांवरच्या हल्ल्यांच्या अनुभवातून ज्याची पायाभरणी केली, त्या क्राव्ह मागा या इस्रायली पद्धतीत निसटून जाणे, शस्त्राचा विचार आणि एकाहून अधिक हल्लेखोर हे विषय मुळातच आहेत. विचार म्हणून ही पद्धत आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळची आहे. दुर्दैवाने तिच्या वर्गांच्या दर्जात जेवढी तफावत आढळते तेवढी क्वचितच अन्यत्र आढळेल, कारण स्पर्धा नसल्याने खरे-खोटे उघडे पडत नाही. ऐकिदो या जपानी कलेत शरीराचे आणि मनाचे संतुलन सुंदर साधते. अल्प मुदतीत आत्मसंरक्षण हवे असणाऱ्याला मी ती सुचवणार नाही. फिलिपिन्सची आर्निस किंवा एस्क्रिमा काठी आणि पात्याची ओळख करून देते, म्हणून दुसरी कला म्हणून ती उत्तम.

वर्गात जाऊन काय पाहावे

जवळचे दोन-तीन वर्ग ठरवून प्रत्येकात एक पूर्ण तास कडेला बसून पाहावे, आणि शक्य असल्यास एक चाचणी तास करावा. तासातील किती वेळ विद्यार्थी एकमेकांना खरा विरोध करत आहेत, हे घड्याळ लावून मोजावे. तो निदान एक चतुर्थांश तरी असावा असा माझा आग्रह असतो. वर्षभर शिकलेले विद्यार्थी नवख्या, धसमुसळ्या माणसासमोर कसे वागतात ते पाहावे. तिथे स्त्रिया आणि किरकोळ बांध्याची माणसे टिकून आहेत का, जोडीदाराने हाताने थोपटून ‘थांब’ अशी खूण करताच पकड लगेच सुटते का, दुखापत झालेल्याची चेष्टा होते का, हे सारे एका बैठकीत कळते. प्रशिक्षकाला थेट विचारावे की शेवटी त्यांनी स्वतः कोणाबरोबर मुक्त सराव केव्हा केला, आणि चाकू घेतलेल्या माणसासमोर काय करावे. दुसऱ्या प्रश्नाला ‘आमच्याकडे त्याचा अचूक तोडगा आहे’ असे उत्तर आले तर उठून निघावे. वर्षाचे पैसे आगाऊ मागणारे, पट्ट्यांची ठरावीक मुदतीत हमी देणारे आणि इतर वर्गांत जाऊन पाहण्यास मनाई करणारे यांच्यापासूनही दूर राहावे.

अंतर हा क्षुल्लक वाटणारा मुद्दा मी मुद्दाम मांडतो. दीड तासावरच्या नामांकित संस्थेत महिन्यातून दोनदा जाण्यापेक्षा पंधरा मिनिटांवरच्या साध्या पण प्रामाणिक वर्गात आठवड्यातून तीनदा जाणारा माणूस वर्षअखेरीस कितीतरी पुढे असतो.

वय आणि शरीरही विचारात घ्यावे. चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्याला जुदोतील आपटणे जड जाते. त्याने जिउ-जित्सू किंवा पॅडवरचे मुष्टियुद्ध घ्यावे. पाठीचे किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे आणि प्रशिक्षकाला ते पहिल्याच दिवशी सांगावे.

चाकू आणि झुंड

या दोन बाबतींत खोटा आत्मविश्वास प्राणघातक ठरतो. अमेरिकी पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये मांडले की चाकू घेतलेला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो. एवढ्या वेळात कमरेचे पिस्तूल काढून झाडणे प्रशिक्षित पोलिसालाही अवघड जाते, मग रिकाम्या हाताची कथा काय! वर्गात रबरी चाकू घेऊन जोडीदार एकच वार करतो आणि हात तसाच पुढे ठेवतो. खरा हल्लेखोर दुसऱ्या हाताने धरून पुन्हा पुन्हा भोसकतो. शंका असेल तर जोडीदाराच्या हाती जाड मार्कर द्यावा, त्याला हवे तसे वार करू द्यावेत आणि मिनिटभराने आपल्या सदऱ्यावरच्या रेघा मोजाव्यात. पळणे, मधे टेबल, दार किंवा गाडी आणणे, आणि सारेच मार्ग बंद झाले तर शस्त्राचा हात दोन्ही हातांनी जखडून धरणे, याहून फारसे काही कोणी देऊ शकत नाही. अनेकांसमोर तर कोणत्याही पकडीत अडकून न पडता पायांवर राहणे आणि वाट काढणे एवढाच मार्ग उरतो, म्हणून कोणतीही कला निवडली तरी वेगाने धावण्याचा सराव सोडू नये.

कायद्याचा विचारही याच टप्प्यावर करावा. आत्मसंरक्षणात वापरलेले बळ धोक्याच्या प्रमाणात असावे आणि धोका टळताच थांबावे, हे तत्त्व बहुतेक देशांच्या कायद्यांत या ना त्या रूपात आहे. मानेवरील योग्य पकडीने माणूस साधारण दहा सेकंदांत बेशुद्ध होऊ शकतो. त्यानंतरही ती तशीच ठेवली तर मृत्यू ओढवू शकतो, आणि तिथे बचावाचा दावा टिकत नाही. आपल्या देशातील तरतूद पहिल्या महिन्यातच वाचून घ्यावी.

सहा महिन्यांनी

निवड एकदा केली की ती जन्माची झाली, असे समजण्याचे कारण नाही. पकडीची एखादी कला घेऊन आठवड्यातून तीन दिवस सहा महिने काढावेत आणि मग मुष्टियुद्ध किंवा मुआय थाईचा एक दिवस जोडावा, असा क्रम मी बहुतेकांना सुचवतो. आधी ठोशांपासून सुरुवात केली असेल तर जोड पकडीची द्यावी. सहा महिन्यांच्या टोकाला वर्गातील एखाद्या वजनदार, नव्या माणसाला विनंती करून स्वतःची परीक्षा घ्यावी. त्याने सर्व जोर लावून मिठी मारली असता सुटता येते का? तो अंगावर बसला असताना उठून उभे राहता येते का? हलके ठोसे चेहऱ्यावर येत असताना डोळे उघडे आणि हात वर राहतात का? दमछाक झालेल्या अवस्थेत मोठ्याने ओरडून दाराकडे धाव घेता येते का? चारांपैकी तीन उत्तरे नकारार्थी आली, तर कंबरेला कोणत्याही रंगाचा पट्टा आलेला असो, वर्ग बदलावा.